तानाक्काचा कलेक्टर

वंदनाचा फोन आला तेव्हा मी अंगणातल्या कढीपत्त्याला पाणी घालत होते. "सुनंदामावशी, आई गेली..." एवढंच म्हणून ती थांबली. अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला आयुष्यभर कळलेलं नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "जेवली होती का गं काल?" विचारलं आणि माझी मलाच लाज वाटली. पण पलीकडून वंदना रडता रडता हसली. "जेवली की! भाकरी, भरलं वांगं, वर वाटीभर ताक. सकाळी थालीपीठ लाव म्हणाली आणि झोपली... ती उठलीच नाही." तानाक्काचं वय झालं होतं. आजारी अशी ती नव्हती. तिच्यासारख्या बाईला याहून चांगलं जाणं दुसरं कुठलं, असं मी वंदनाला म्हटलं, आणि मग फोन ठेवून तिथंच पायरीवर बसून राहिले. आता त्याला महिना उलटून गेला. लिहायला बसले की हुंदका येईल असं वाटलं होतं. येतंय ते हसू.

तानाक्का माझी नात्याची कोणी नव्हती. आमची गाठ पडली ती सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, बेळगावाबाहेरच्या क्षयाच्या इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात. मी तेव्हा कॅम्पातल्या एका शाळेत नुकती शिक्षिका झाले होते. खोकला काही केल्या जाईना, आणि एके दिवशी वर्गात फळ्यापाशी उभी असताना रुमालावर रक्त दिसलं. आमचं घर चिकोडीकडचं, जैनांचं, शेतीवाडीचं. आईशी कन्नड, शाळेत मराठी अशी आम्ही वाढलेली माणसं. वडिलांनी मला इस्पितळात पोचवलं आणि गावात सांगितलं की सुनंदा ट्रेनिंगला गेली आहे. त्या आजाराचं नाव घरात कुणी तोंडातून काढत नव्हतं. पहिल्या दिवशी मी भिंतीकडं तोंड करून रडत पडले होते, तेव्हा शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "मास्तरीण हायसा म्हणं?" मी वळून पाहिलं. हाडकुळी, काळीसावळी, माझ्याहून सातआठ वर्षांनी मोठी बाई मांडी घालून बसली होती आणि चक्क हसत होती. "मग रडाय काय झालं? तुमच्या छातीत लई तर खडूची धूळ असंल. आमच्या छातीत निपाणीची अख्खी वखार हाय!"

ती निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत चाळणीवर काम करायची. तोंडाला पदर बांधून दिवसभर तंबाखू चाळायची, आणि ती धूळ इतकी की घरी गेल्यावरही पदर झाडला तर बाळ शिंकायचं. ते बाळ म्हणजे वंदना, तेव्हा तीनएक वर्षांची. तिला सासूपाशी ठेवून तानाक्का इस्पितळात आली होती. तानाक्काचं घर बौद्ध, माझं जैन. पण वॉर्डात आमची सोयरीक जुळली ती अंड्यावरून. रोज सकाळी प्रत्येकीला एक उकडलेलं अंडं आणि एक केळं मिळायचं. मी अंड्याकडं बघतही नव्हते. दुसऱ्याच दिवशी तानाक्कानं व्यवहार ठरवून टाकला. "तुमचं अंडं मला, माझं केळं तुमास्नी. कुणाच्या धर्माला काय धक्का न्हाय." तेव्हापासून इस्पितळ सोडेपर्यंत मी रोज दोन केळी खाल्ली. अजून केळं सोलताना मला तिचा तो हिशेबी चेहरा दिसतो.

आम्ही दाखल होऊन थोडे दिवस झाले असतील, तेव्हा डॉक्टर हिरेमठ वॉर्डात आले. तरुण, चष्मा लावलेले, धारवाडकडचे लिंगायत. मराठी बोलायचे, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी आमच्याकडच्या कन्नड माणसासारखं 'री' लावायचे. छातीला नळी लावली की 'श्वास घ्या... धरा... सोडा री' हे ठरलेलं. पुढच्या पदवीसाठी त्यांना प्रबंध लिहायचा होता, आणि त्यासाठी फुप्फुसाच्या क्षयाच्या पेशंटांचं रक्त हवं होतं. आज एकदा, मग उपचार चालू असताना अधूनमधून, आणि औषध संपल्यावर शेवटचं. तेही उपाशीपोटी. ऐकल्याबरोबर वॉर्डात कुजबुज सुरू झाली. आधीच अंगात रक्त नाही, त्यात हा आणखी काढतोय. कुणी म्हणे, बाहेर विकतात. सगळ्या बायकांनी हात पदराखाली लपवले. डॉक्टर बिचारे ट्रे घेऊन मधोमध उभे. तेव्हा तानाक्कानं विचारलं, "साहेब, आमच्या रगतात शोधायचं काय हाय तुमास्नी?"

"चरबी," डॉक्टर म्हणाले. "कोलेस्टेरॉल म्हणतात री तिला."

"चरबी? आमच्या अंगात?" तानाक्कानं आपल्या मनगटाभोवती दोन बोटं फिरवून दाखवली. "साहेब, हाडं झाकाय कातडं पुरंना झालंय, आणि तुमी चरबी हुडकाय आलासा!" सगळा वॉर्ड हसला. डॉक्टरही हसले. मग खाटेच्या कडेला बसून त्यांनी नीट समजावून सांगितलं. रक्तात थोडी चरबी प्रत्येकाच्या असते, ती लागतेच. क्षयाच्या माणसात ती कमी दिसते. आजार चरबी खातो, की चरबी कमी असलेल्या माणसाला आजार धरतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. "मला असं वाटतं की तुम्ही बऱ्या होत जाल तशी ती चढत जाईल. पण वाटून काय उपयोग? बघायला पाहिजे की नको?" ठाऊक नाही असं स्वच्छ सांगणारा डॉक्टर आम्ही त्याआधी पाहिलेला नव्हता. तानाक्कानं दंड पुढं केला. "घ्या. माझ्यापास्नं सुरू करा." तिच्यामागोमाग मी, आणि मग एकेक करून सगळ्याच.

तो शब्द मात्र तिच्या जिभेला वळेना. कोलेस... कोलेश्ट... दोनतीनदा अडखळली आणि मग म्हणाली, "जाऊ दे तिकडं. कलेक्टर म्हणू या." झालं! त्या दिवसापासून आमच्या वॉर्डात रक्तातल्या चरबीला कलेक्टर हेच नाव पडलं. डॉक्टर तपासणीचे आकडे घेऊन आले की बायका विचारायच्या, "साहेब, माझा कलेक्टर किती चढला?" कुणाचा चढला नसला की तानाक्का म्हणायची, "बदली झाली असंल. यील माघारी." पहिल्या खेपेचे आकडे सगळ्यांचे खालचे होते. दुसऱ्या खेपेला बहुतेकींचे थोडे वर सरकले. आम्हाला त्या आकड्यांतलं काय कळत होतं? पण रोजची ती सुई, घशाखाली न उतरणाऱ्या औषधाच्या त्या पुड्या, महिनोन्‌महिने तेच छत... या सगळ्यात आपण कुठंतरी पुढं चाललोय हे सांगणारी काहीतरी खूण हवी होती. ती डॉक्टरांच्या प्रबंधानं दिली. खोकला कमी झाला की जीव सुखावायचा, पण कलेक्टर चढला की वॉर्डात सणच असायचा. भाताची ताटं परत जायची बंद झाली. कलेक्टर चढवायचाय म्हणून बायका मागून मागून जेवायला लागल्या. मेट्रनबाई म्हणायच्या, या डॉक्टरनं माझ्या औषधांपेक्षा जास्त काम केलं.

आणि मग ती बुद्धपौर्णिमा आली. दुसऱ्या दिवशी आमचं रक्त घ्यायचं होतं, म्हणजे सकाळी तोंडात पाण्याशिवाय काही घालायचं नाही. तानाक्काची बहीण सणासाठी बेळगावात कुणाकडं तरी आलेली. ती त्या दुसऱ्या दिवशी पहाटेच इस्पितळात हजर, डबा घेऊन. मी झोपेतच होते. रक्त घेऊन गेले, आम्ही नाश्ता केला, आणि दुपारी डॉक्टर हिरेमठ जवळजवळ धावतच वॉर्डात आले. हातात काचेची नळी होती. रक्ताच्या लाल थरावरचं पाणी एरवी पिवळसर, स्वच्छ दिसतं. या नळीत ते पांढरं होतं... अगदी दुधासारखं. चष्म्याआडचे त्यांचे डोळे मोठे झालेले. "तानाक्का! हे तुमचं रक्त आहे री! असं मी पुस्तकातच वाचलं होतं. काही त्रास होतोय का? पोट दुखतंय? घरात कुणाला कसला आजार?" ते उत्साहात होते की घाबरलेले, कोण जाणे. बहुधा दोन्ही. तानाक्का नळीकडं बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "साहेब... ते दूधच हाय."

"म्हणजे?"

"भनीनं खीर आणलती. तूप घालून, बदाम घालून. न्हाय म्हणवंना. दोन वाट्या खाल्ली." आणि मग तिचे डोळे विस्फारले. "पर ती हितं दिसती व्हय? रगतात?"

डॉक्टर तिच्या खाटेवर धपकन बसले. क्षणभर वाटलं आता ओरडणार. पण त्यांचे खांदे हलायला लागले आणि ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यांच्या प्रबंधाचं एक रक्त वाया गेलं होतं, जगाला हलवून सोडणारा शोध खिरीत बुडाला होता. "दिसते री," ते म्हणाले, "जेवल्यावर तूप रक्तात येतं ते हे असं. पुस्तकात पण इतकं छान दाखवलेलं नाही." ती नळी त्यांनी सगळ्या वॉर्डभर फिरवून दाखवली. पुढच्या आठवड्यात तानाक्काचं रक्त पुन्हा घेतलं, आणि त्या सकाळी मेट्रनबाई तिच्या खाटेशेजारी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसल्या होत्या.

हे सगळं हसण्यासारखं होतं. पण आता जे सांगणार आहे ते तेव्हा हसण्यासारखं नव्हतं. काही महिन्यांत आमच्या दोघींचा बेडका स्वच्छ निघाला. रोगाचे जंतू दिसत नव्हते. घरी जाऊन औषध चालू ठेवायचं, ते अजून वर्षभर तरी, असं ठरलं. मी आनंदात होते. त्याच दिवसांत तानाक्काचा नवरा मारुती निपाणीहून आला, खाली मान घालून तिच्याशी बोलला आणि निघून गेला. तो गेल्यावर ती माझ्याशी नेहमीसारखी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिचं ताट परत जायला लागलं. माझं अंडं तिनं घेतलं नाही. औषधाच्या पुड्या उशाखाली तशाच. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "आत्याबाई घरात घेत न्हाईत म्हणत्यात. रोगाचं माणूस नको. पोरगी ऱ्हाऊ दे, तू भनीकडं जा, म्हणं." थोडं थांबून म्हणाली, "पोरगी आता जावंला आई म्हणती..." त्यानंतर ती भिंतीकडं वळली. मी पहिल्या दिवशी वळले होते तशीच.

त्या महिन्याचे आकडे आले. सगळ्यांचे वर, तानाक्काचा खाली. डॉक्टर हिरेमठ कागद घेऊन आले, "सगळ्यांचं चढतंय, तुमचं कसं उतरलं?" तिनं चादर तोंडावर ओढली. मग मी त्यांना व्हरांड्यात नेऊन सगळं सांगितलं. त्यांनी हातातला कागद घडी करून खिशात टाकला. म्हणाले, "याला माझ्याकडं औषध नाही." चार पावलं गेले आणि परत फिरले. "निपाणीला एसटी किती वाजता असते री?"

रविवारी आम्ही तिघं निघालो. डॉक्टर, तानाक्का आणि मी. मला कशाला नेलं हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. संकेश्वरला गाडी थांबली तेव्हा त्यांनी केळी घेतली आणि एक तानाक्कापुढं धरलं. तिनं मान हलवली. निपाणीच्या स्टँडवर उतरलो तर हवेतच तंबाखूचा वास. तानाक्काच्या घरापाशी पोचलो तेव्हा तिची सासू दारातच उभी होती, आणि तिच्या लुगड्याआडून एक पोर डोकावत होती. पोरीनं तानाक्काकडं पाहिलं आणि ती आणखी मागं सरकली. मी तानाक्काचा हात धरून ठेवला होता.

डॉक्टरांनी चपला काढल्या, आत जाऊन जमिनीवर मांडी घातली आणि म्हणाले, "आजी, मी तानाक्काचा डॉक्टर. सकाळपासून काही खाल्लं नाही री. भाकरी मिळेल?"

म्हातारी गोंधळली. "हिच्या जावंला सांगते, थापंल ती..."

"जाऊबाई नको. तानाक्का करेल."

"तिच्या हातची?"

"तिच्याच हातची."

तानाक्का किती तरी महिन्यांनी चुलीपुढं बसली. पहिली भाकरी मोडली, दुसरी नीट उतरली. दारात शेजाऱ्यांची डोकी जमा झालेली. डॉक्टरांनी माझ्यापुढं ताट ठेवायला लावलं, स्वतःपुढं ठेवलं, आणि मग तानाक्काला म्हणाले, तुम्ही पण बसा. ती संकोचत बसली, तर त्यांनी सरळ तिच्या ताटातला भाकरीचा तुकडा मोडला, तिखट लावलं आणि तोंडात टाकला. चावून झाल्यावर म्हातारीला म्हणाले, "हिच्या छातीत आता जंतू नाहीत. असते तर मी खाल्लं असतं का? मला पण घरी आई आहे री."

म्हातारीनं विचारलं, "तुमचं आडनाव काय वो?"

"हिरेमठ."

"आणि ही पोरगी?"

"जैनांची," मी म्हणाले. माझ्या तोंडात घास होता.

म्हातारी दाराची चौकट धरून खाली बसली. पदर तोंडाला लावला. "ह्या गावात माझ्या हातचं पाणी कोण पीत न्हवतं," ती म्हणाली. "अजून न्हाईत पीत लई जणं. तुमी हितं बसून जेवलासा... आणि मी माझ्याच सुनंला दाराभाईर ठेवू व्हय?" तिनं मागं हात नेऊन नातीला पुढं ओढलं. "वंदे, जा. आई हाय तुजी."

वंदना आली, पण हातभर लांब थांबली. तानाक्काकडं निरखून बघत म्हणाली, "तू मला सुई टोचणार न्हाईस न्हवं?"

"न्हाय गं बाई," तानाक्का म्हणाली, "ह्या साहेबाला आपुन दोगी मिळून टोचू." पोरगी हसली, आणि मग आम्ही सगळेच. मारुती कोपऱ्यात उभा होता, तो तेवढा रडत होता. त्या जेवणात तानाक्कानं किती भाकरी खाल्ल्या ते कुणी मोजलं नाही. एसटीत मात्र डॉक्टर मला म्हणाले, "आता बघा, पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात आकडा वर आला, आणि मग तो चढतच राहिला. औषध पूर्ण होईपर्यंत तानाक्का दर महिन्याला एसटीनं बेळगावला यायची, आणि तिला चुकवायला नको म्हणून मीही यायचे. शेवटच्या तपासणीचा आकडा डॉक्टरांनी स्वतः बाहेर येऊन सांगितला. तो त्यांच्या स्वतःच्या आकड्याला गाठत आला होता. तानाक्कानं काखेतली पिशवी काढली, आमच्या जुन्या वॉर्डात शिरली आणि खाटेखाटेवर पेढा ठेवत गेली. "कलेक्टर आला बायांनो! लाल दिव्याच्या गाडीतनं आला!" नव्या आलेल्या बायकांना वाटलं, खरंच कुणी साहेब तपासणीला आला. एकदोघींनी उठून केस सारखे केले.

वखारीत ती परत गेली नाही. स्टँडजवळ खानावळ काढली आणि ऐंशीच्या दशकात ती इतकी चालली की एसटीचे ड्रायव्हर तिच्या आमटीसाठी गाडी उशिरा सोडायचे. जेवायला आलेल्यांत कुणी फार दिवस खोकत असलं की ती विचारल्याशिवाय राहायची नाही. वखारीतल्या, बिडी वळणाऱ्या किती बायकांना तिनं दंडाला धरून तपासायला नेलं असेल! "दीड वरीस औषध खायाचं, मधनं सोडलंस तर हितं जेवाय यायचं न्हाय," असा तिचा दम असायचा. माझं लग्न उशिरा झालं, शाळेतल्याच एका शिक्षकाशी, सगळं सांगूनसवरून. एकदा यांना आमच्या इथल्या डॉक्टरांनी सांगितलं की कोलेस्टेरॉल वाढलंय, तूपलोणी बंद करा, ते खाली आणा. तानाक्का नेमकी घरी आलेली. तिला ते पटेचना. "खाली? आमी मरमर करून चढिवला, आणि तुमी खाली आणतासा? सुनंदा, डाक्टर बदल गं!" मी समजावून सांगितलं की जास्त झालं तरी वाईटच. ती विचारात पडली. मग यांच्याकडं बघत म्हणाली, "मग आमच्या वाट्याचाबी तुमीच घिऊन बसलासा की वो इतके दिवस." हे त्या दिवशी जेवताना तीनदा हसले, आणि तिनं वाढलेलं तूप मात्र नाकारू शकले नाहीत.

वंदना शिकली, बँकेत अधिकारी झाली. डॉक्टर हिरेमठ पदवी घेऊन धारवाडकडं गेले, तिथंच निवृत्त झाले. मी त्यांना फोनवर तानाक्काची बातमी सांगितली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "शोकसभा कधी आहे री?" काठी टेकत, नातवाच्या गाडीतून ते आले. सभा तिच्या खानावळीतच होती. भाषणं कमी आणि जेवण जास्त झालं. पंगतीत तिनं दवाखान्यात नेलेल्या कितीतरी बायका होत्या, आता आज्या झालेल्या, चांगल्या धडधाकट. डॉक्टर एकेकीकडं बघत होते.

जेवणं झाल्यावर वंदना आम्हा दोघांना घरी घेऊन गेली. आईची खोली दाखवायला. एक खाट, बाबासाहेबांचा फोटो, खुंटीवर दोन लुगडी. आणि समोर मोठी खिडकी, जिला दारंच नव्हती. गज होते, झडपा नव्हत्या. वंदना म्हणाली, "घर बांधलं तेव्हा बसवली होती. आईनं महिन्याभरात काढून टाकली. वारं अडतं म्हणायची. पावसाळ्यात पाणी आत यायचं, थंडीत आम्ही कुडकुडायचो, पण तिनं शेवटपर्यंत लावू दिली नाहीत. सुतार परवा विचारून गेला, आता बसवू का म्हणून... मी नको म्हटलं."

मी तिच्या खाटेवर बसले. डॉक्टर शेजारच्या खुर्चीत. खिडकीपलीकडं ऊस होता आणि त्यावरून मोकळं वारं थेट आत येत होतं, लुगड्यांचे पदर हलवत. मी डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला... छाती भरेपर्यंत, कुठंही न अडता. एवढ्या वर्षांत मी तो असा कधी मुद्दाम घेतला नव्हता. किती वेळ तो धरून बसले होते कोण जाणे. शेवटी शेजारून, सवयीनंच, तो ओळखीचा आवाज आला,

"हां... आता सोडा री."